वरची लाईन हिरवी आहे

निवृत्त होऊन भोरला घरी बसले, तेव्हापासून बाजारात भेटणारं प्रत्येक दुसरं माणूस मला एकच प्रश्न विचारतं. "शैलाताई, तुम्ही डेअरीत होता ना? मग खरं सांगा, दुधात पाणी किती असतं?" मी सांगून थकले, की बाबांनो, मी दुधाला हातसुद्धा लावत नव्हते. मी वेळ सांभाळत होते. कोणता टेम्पो कुठून निघाला, कुठं अडकला, केव्हा पोचला आणि का नाही पोचला, हे बघणं माझं काम. यावर समोरचा माणूस "अच्छा" म्हणतो आणि पुन्हा विचारतो, "पण थोडं तरी असतंच ना?"

या अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, की तुमच्या कामातलं काहीतरी लिहा, जरा हलकंफुलकं असू द्या. त्यांना मी तेव्हाच बजावलं होतं. नोकरीची शेवटची वर्षं आठवली की अजून माझं डोकं तापतं, त्यामुळे हलकंफुलकं किती जमेल ते सांगता येत नाही. त्यांनी "चालेल" म्हटलं. तेव्हा आता त्यांनी आणि तुम्ही निस्तरा.

आधी धंदा सांगते. दूध हा वाट बघणारा माल नाही. म्हशीची धार काढली की त्याचं घड्याळ सुरू होतं. गावातली माणसं पहाटे धार काढून गावच्या संकलन केंद्रावर दूध घालतात. तिथं ते कॅनमध्ये भरलं जातं. आमचा टेम्पो गावोगावचे कॅन गोळा करत खाली येतो आणि आमच्याकडे, म्हणजे चिलिंगला, ते दूध थंड केलं जातं. मग मोठा टँकर ते पुण्याच्या प्लँटला नेतो आणि तिथून ते पिशवीत भरून तुमच्या दारात येतं. धार काढल्यापासून थंड होईपर्यंत जितका वेळ जास्त, तितकी नासायची भीती जास्त. माझी सगळी नोकरी या मधल्या वेळाच्या मागं धावण्यात गेली.

टेम्पो ज्या रस्त्यानं गावं घेत येतो, त्याला आम्ही लाईन म्हणतो. आमचं चिलिंग हायवेच्या अलीकडे, भोर आणि वेल्हे दोन्हीकडचे रस्ते जवळ येतात तिथं. भोरकडच्या लाईनी सरळ. मार्गासनीची लाईनही गुणी. डोकेदुखी एकच, ती वेल्ह्याच्याही पुढं खिंडीपलीकडं जाणारी. तिला सगळे वरची लाईन म्हणायचे. नुसती वळणं, पावसाळ्यात रस्त्यावर येणारी दरड, आणि दूध बेताचं. पण त्या गावांना आमच्याशिवाय दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. आमचा टेम्पो हाच त्यांचा बाजार.

पूर्वी हे सगळं फोनवर चालायचं. मी विचारायची, "कुठं आहात?" पलीकडून उत्तर यायचं, "आलोच, मॅडम." आता हा "आलोच" फार लवचीक शब्द आहे. कुणाचा "आलोच" म्हणजे गेटसमोर, कुणाचा म्हणजे चहाच्या टपरीवर, आणि एका महाशयांचा "आलोच" म्हणजे अजून अंगावर बनियनच आहे. कुणाचा कसा, हे मला पाठ झालं होतं, त्यामुळे काम भागायचं.

मग पुण्याहून माणसं आली आणि त्यांनी सांगितलं, की आता असं चालणार नाही. एक सामायिक मंच तयार झालाय. गावची संकलन केंद्रं, टेम्पोवाले, आमचं चिलिंग, टँकरची कंपनी आणि पुण्याचा प्लँट, अशा पाच जणांची माहिती एकाच ठिकाणी. सगळ्यांना सगळं दिसणार. प्रत्येकाला दर महिन्याला गुण. वेळेवर पोचला का, मध्ये किती थांबला, दूध चांगलं निघालं का. चांगले गुण पडले तर हिरवा, वाईट पडले तर लाल. सलग तीन महिने कुणी लाल राहिला तर त्याचा फेरविचार होणार. फेरविचार म्हणजे बंद, हे कुणी तोंडानं बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं. आमच्या कार्यालयात भिंतीवर मोठा पडदा लागला. ड्रायव्हर त्याला टीव्ही म्हणायला लागले.

मला तेव्हा आनंद झाला होता, हे मुद्दाम सांगते. तोवर दूध नासलं की गाव टेम्पोवर ढकलायचं, टेम्पो चिलिंगवर, चिलिंग टँकरवर, आणि भांडण सोडवायला मी. आता दूध का दूध, पानी का पानी होईल, असं मला वाटलं होतं.

पहिल्याच आठवड्यात काय काय झालं. तालुक्याचं नाव सरकारदरबारी राजगड झालेलं, पण सगळ्यांच्या तोंडात वेल्हे. गावकेंद्रांनी एक लिहिलं, टँकर कंपनीनं दुसरं, आणि पडद्यावर दोन तालुके उगवले. पानशेतच्या बाजूची एक लाईन होती, तिचा टेम्पो नकाशावर अर्धा वेळ धरणाच्या पाण्यात असायचा. वरच्या लाईनीला तर मोबाईलची रेंजच नाही. ड्रायव्हर प्रत्येक गावात बटण दाबायचा, फोन ते पोटात ठेवायचा आणि खिंड उतरून रेंज आली की सगळं एकदम ओकायचा. त्यामुळे त्यानं सगळ्या गावांतलं दूध एकाच मिनिटात गोळा केलं असं दिसायचं. पुण्याहून मला विचारणा झाली, की हे कसं शक्य आहे. मी म्हटलं, शक्य नाहीच.

उशीर झाला तर कारण निवडायची सोय होती. यादीत होतं: वाहतूक कोंडी, सिग्नल, टायर पंक्चर, चालक गैरहजर. आमच्याकडे रस्त्यात बसलेली म्हैस असते, दरड असते, रविवारी गड बघायला आलेल्यांच्या आडव्या लावलेल्या गाड्या असतात. यातलं काहीच यादीत नव्हतं. ड्रायव्हर बिचारे "सिग्नल" निवडायचे. आख्ख्या वेल्हे तालुक्यात सिग्नल कुठं आहे, ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

हे सगळं चालवणारा पुण्याचा मुलगा म्हणजे अनिकेत. तिशीच्या आतला, अतिशय नम्र. कितीही बोललं तरी रागवायचा नाही, त्यामुळे मला आणखी राग यायचा. "मॅडम, नोंद करून घेतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. नोंद तो खरोखर करून घ्यायचा. पण मंच पाच जणांचा असल्यामुळे काहीही बदलायचं तर पाचही जणांची मंजुरी लागायची. सामायिक विहिरीसारखं झालं होतं, पाणी सगळ्यांचं आणि गाळ काढायची पाळी कुणाचीच नाही.

महिना संपला तेव्हा वरची लाईन लालभडक. एका मिनिटाचं ते कोडं पुण्यानं तोवर सुधारलं होतं, पण आता पडदा सांगत होता, की टेम्पो पहिल्याच गावात पोचतो आणि तिथून दुपारपर्यंत हलतच नाही. आता तोच टेम्पो रोज सकाळी माझ्या डोळ्यांसमोर कॅन उतरवून जायचा. तो इथंही होता आणि तिथंही होता. दुसऱ्या महिन्यातही तेच. तिसरा महिना लागला तेव्हा मी ठरवलं, की स्वतः जाऊन बघायचं.

वरच्या लाईनीचा टेम्पो सुदामअण्णांचा. पन्नाशीचे, त्याच भागातले, मोजकं बोलणारे. काचेजवळ बुद्धाची छोटी मूर्ती, बाकी गाडी एकदम साफ. अण्णा वेळेला असे पक्के, की खालच्या गावात लोक त्यांचा टेम्पो बघून पोरांना शाळेसाठी उठवायचे. मी आदल्या दिवशी वेल्ह्याला नातेवाइकांकडे मुक्काम केला आणि पहाटे त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

पहिलं गाव आलं. संकलन केंद्र म्हणजे सिंधूताईंच्या घराची पडवी. सिंधूताईंचा नवरा पुण्यात सोसायटीचा वॉचमन, घरी ह्या, सासू आणि दोन म्हशी. शेजारपाजारच्या बायकांचं दूध मोजून घेणं, त्याची फॅट बघणं आणि कॅन भरून तयार ठेवणं हे त्यांच्याकडे. माझी ओळख करून दिल्यावर त्यांनी चहाआधीच विषय काढला.

"मॅडम, आमची लाईन बंद करनार म्हनत्यात. खरं हाय का?"

"बघायलाच आलेय," मी म्हणाले.

"बगा. टेम्पो बंद झाला तर ह्ये दूध काय वड्यात वतायचं? हितल्या बायकांच्या हातात दुधाबिगर दुसरं काय न्हाई. नवरं पुन्याला, आमी आन म्हशी हितं. तुमच्या टीव्हीत काय दिसतंय त्ये मला ठावं न्हाई, पर अन्ना कदी थांबत न्हाईत. चा घ्या म्हनलं तर घेत न्हाईत."

अण्णा खरंच थांबले नव्हते. कॅन चढवले, दोर आवळला, सीटवर बसले, फोन काढला आणि बटण दाबलं. मी वाकून बघितलं. फोनवर दोन मोठी बटणं होती. हिरवं बटण "आलो". लाल बटण "गेलो". अण्णांनी "आलो" दाबलं.

"अण्णा, आता आपण निघालोय. 'गेलो' दाबायला हवं."

अण्णांनी गाडी सुरू केली. मग म्हणाले, "मॅडम, सकाळच्या पारी भरल्या गाडीवर बसून गेलो म्हनायचं?"

मी कपाळाला हात लावला. म्हणजे सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट पाचातल्या एकालाही सुचली नव्हती. आपल्याकडे घरातून निघताना कुणी "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतं. लहान मूल चुकून "जातो" म्हणालं तर त्याला दारातून परत बोलावून "येतो म्हण" असं सांगतात. "गेला" हा शब्द आपण कुणाबद्दल आणि कधी वापरतो, ते सांगायला नको. आणि घाटरस्त्याला लागणाऱ्या माणसाला या लोकांनी रोज स्वतःच्या बोटानं "गेलो" दाबायला सांगितलं होतं.

अण्णा म्हणाले, "आमच्यात लिंबू-मिरची न्हाई, नारळ न्हाई. पर गेलो म्हनायला आईनं कदी शिकवलं न्हाई. खिंड हाय म्होरं. म्हनून म्या आलोच दाबतो. येतो म्हनल्यासारकं."

खाली आल्यावर मी बाकीच्या ड्रायव्हरांना विचारलं. एकही "गेलो" दाबत नव्हता. भोरकडच्या लाईनीवाल्यांना रेंज असल्यामुळे त्यांची गाडी हललेली यंत्राला आपोआप कळत होती, म्हणून त्यांचं निभावलं. वरच्या लाईनीचं सगळं बटणावर होतं, आणि पहिल्या गावातून "गेलो" येत नाही तोवर यंत्र तिचं पुढचं काही धरतच नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा तो प्रकार.

मी अनिकेतला फोन लावला आणि बराच वेळ बोलले. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, ते फक्त एक लेबल आहे."

"अनिकेत, तू सकाळी घरातून निघताना आईला काय म्हणतोस?"

"बाय म्हणतो."

मी त्याला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. शेवटी त्यानं नोंद करून घेतली. पाच जणांच्या मंजुऱ्या गोळा करता करता तिसरा महिना जवळजवळ संपला. मी रोज कुणाला ना कुणाला फोन करत होते. टँकर कंपनीचा माणूस मला म्हणाला, "शब्दानं काय फरक पडतो?" त्याला मी विचारलं, की मग तुझ्या टँकरच्या मागं "शेवटचा प्रवास" असं रंगवून देऊ का. मंजुरी त्याच दिवशी मिळाली. "गेलो"च्या जागी "निघालो" आलं. घाटरस्ता म्हणून वरच्या लाईनीला पोचायला जादा वेळही मी भांडून मंजूर करून घेतला. नोंदीच चुकीच्या म्हणून तिसऱ्या महिन्याचे गुण बाद धरायला लावले, आणि पुढच्या महिन्यात लाईन हिरवी झाली. सिंधूताईंनी अण्णांबरोबर माझ्यासाठी खरवस पाठवला. मी तो कार्यालयात कुणाला दिला नाही.

इथं गोष्ट संपली असती तर संपादकांना हवं तसं हलकंफुलकं झालं असतं.

बटण सुधारल्यामुळे आकडे खरे यायला लागले आणि खरे आकडे आल्यामुळे नवीनच लाल दिसायला लागलं, ते म्हणजे आमचं चिलिंग. टेम्पो वेळेवर येत होते, पण आमच्या आवारात ताटकळत होते. कॅन उतरवायचा ओटा एकच. सकाळी सगळ्या लाईनी एकदम आल्या की रांग. हे मला वर्षानुवर्षं माहीत होतं, साहेबांना माहीत होतं, गेटवरच्या कुत्र्यालाही माहीत होतं. आता पुण्यालाही दिसलं.

आमचे व्यवस्थापक साहेब वाईट माणूस नव्हते. दुसऱ्या ओट्यासाठी त्यांनी अनेकदा मागणी केली होती. दर वेळी वरून उत्तर यायचं, की गरज आकड्यांतून दिसू द्या. आता आकड्यांतून दिसली, तर वरून आलं काय, तर साहेबांना विचारणा, की तुमचं केंद्र लाल का. ओट्याबद्दल अवाक्षर नाही. साहेबांची बढती जवळ आलेली. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि ओटा न बांधता केंद्र हिरवं करून दाखवलं.

कसं ते सांगते. नकाशावर आमच्या केंद्राभोवती एक गोल आखलेला होता. टेम्पो त्या गोलाच्या आत आला की तो पोचला असं यंत्र धरायचं आणि तिथून आमचा थांबा मोजायला लागायचं. गोलाच्या बाहेर असेपर्यंत तो वाटेत. साहेबांनी हुकूम काढला, की ओटा रिकामा झाल्याशिवाय कुणीही गोलाच्या आत यायचं नाही. सगळे टेम्पो रस्त्याच्या कडेला, गोलाच्या बाहेर उभे राहायला लागले. पडद्यावर ते सगळे धावत असायचे. मी खिडकीतून बघायची, तर ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळत बसलेले.

यात सगळ्यात जास्त कुणाला उभं करायचं, तर ज्याच्याकडे जादा वेळ शिल्लक आहे त्याला. बाकीच्या लाईनींना उशीर झाला तर त्या लाल होणार. वरच्या लाईनीला मात्र मी भांडून मिळवलेला जादा वेळ होता. तिला कितीही उभं केलं तरी ती हिरवीच. म्हणजे जे दूध सगळ्यात लांबून येत होतं, सगळ्यात आधी काढलेलं होतं, तेच सगळ्यात शेवटी आत येणार. मी साहेबांना हे दहा वेळा समजावलं. ते म्हणाले, "शैलाताई, मला कळतं हो. पण केंद्र लाल राहिलं तर केंद्रच बंद करतील, मग कुठली लाईन आणि कुठलं काय?" हेही खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त संताप यायचा.

थंडीत निभावलं. उन्हाळा लागला आणि एका सकाळी वरच्या लाईनीचं दूध ओट्यावर तपासलं, तर नासायला लागलेलं. परत पाठवलं. आठवड्यात पुन्हा तेच. टेम्पो वेळेवर पोचला म्हणून लाईन हिरवीच, पण दूध खराब म्हणून सिंधूताईंचं केंद्र लाल. पडद्याच्या हिशेबानं गाडीची चूक नाही, चिलिंगची चूक नाही, म्हणजे उरलं कोण, तर गाव. सिंधूताईंना लेखी सूचना गेली, की भांडी स्वच्छ ठेवा.

भांडी स्वच्छ ठेवा! त्या पडवीत मी माझ्या डोळ्यांनी बघितलेले कॅन आमच्या कार्यालयातल्या कपांपेक्षा स्वच्छ होते.

दोन दिवसांनी अण्णांच्या शेजारी बसून सिंधूताई स्वतः खाली आल्या. टेम्पो गोलाबाहेर उभा राहिला, तशा त्या उतरल्या आणि चालत गेटमधून थेट आमच्या कार्यालयात. साहेब, मी आणि भिंतीवरचा पडदा, असे तिघं होतो. त्यांनी पदर खोचला आणि पडद्याकडं बघून विचारलं, "ह्येच्यात आमचा टेम्पो कुटं हाय?"

साहेबांनी दाखवलं. "हा बघा, वाटेत आहे."

"वाटंत?" त्यांनी खिडकीतून बाहेर बोट केलं. "त्यो काय, थितं रस्त्याच्या कडंला हुबा हाय. म्या त्यातनंच आली."

"सिस्टिमप्रमाणं तो अजून पोचलेला नाही, बाई."

"मग म्या बी पोचली न्हाई म्हना की," सिंधूताई म्हणाल्या. "सायब, दूध उनात हुबं करून नासवायचं तुमी, आन भांडी घासा म्हनून सांगायचं आमाला. बायका मला इचारत्यात, सिंदू, आमच्या दुदात खोट हाय का. म्या काय सांगू त्यांना?"

मी उठले, बाहेर गेले आणि अण्णांना टेम्पो आत घ्यायला सांगितलं. रांगेतले बाकीचे ड्रायव्हर कुरकुरले. त्यांना मी म्हटलं, "काय बोलायचं ते मला बोला." त्या दिवसापासून वरचा टेम्पो आला की तो आधी, असं मी सुरू केलं. तीन आठवडे दूध चांगलं राहिलं. मग मार्गासनीची लाईन उशिरामुळं लाल झाली, तिच्या टेम्पोमालकानं पुण्याला तक्रार केली, आणि साहेबांनी लेखी आदेश काढून मला थांबवलं. मी त्यांच्याशी इतकं भांडले, की बाहेर वजनकाट्यावर काम थांबलं.

अनिकेतलाही मी बोलावून घेतलं. तो आला, उन्हात उभ्या टेम्पोच्या कॅनला हात लावून बघितला आणि चटका बसून हात मागं घेतला. त्याला समजलं. "मॅडम, गोल मोठा करायला हवा. रांग आत आली पाहिजे," तो म्हणाला. मी म्हटलं, कर. तो म्हणाला, "पाचही जणांची मंजुरी घेतो." गावकेंद्रं हो म्हणाली, टेम्पोवाले हो म्हणाले. उरलेले तिघं विचाराधीन होते. पोरगा मनापासून झटत होता, हे मी नाकारत नाही. पण दूध विचाराधीन राहत नाही.

मे महिन्यात पुन्हा दोनदा दूध परत गेलं. त्यानंतर एका सकाळी अण्णा रिकामा टेम्पो घेऊन आले. गोलाबाहेर न थांबता सरळ आत आले. माझ्या टेबलासमोर उभं राहून म्हणाले, "मॅडम, वरच्या बायकांनी दूध घालायचं बंद केलं."

"सगळ्यांनी?"

"समद्यांनी. सिंदूताईंनी कॅन उलटं घालून ठिवल्यात. म्हनल्या, नासलं म्हनून परत यायपरीस नकोच."

मी त्या आठवड्यात वर जाऊन आले. सिंधूताईंनी मला चहा दिला, रागानं बोलल्या नाहीत, ते मला जास्त लागलं. एक म्हैस त्यांनी आधीच पाहुण्यांकडे देऊन टाकली होती. दुसरी घरच्या दुधापुरती ठेवली. बाकीच्या बायकांचंही तसंच. मी म्हटलं, गोल मोठा होणार आहे, थोडं थांबा. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमी लई केलं आमच्यासाटी. पर म्हशीला कसं सांगू थांब म्हनून?" परत येताना एसटीत मी रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, कुणी गेलं का तुमचं. मी नाही म्हटलं.

लाईन कुणी बंद केली नाही, हे लक्षात घ्या. कुठलाही फेरविचार झाला नाही, कुठलाही आदेश निघाला नाही. पडद्यावर तिचं नाव तसंच राहिलं. अण्णांनी टेम्पो पानशेतच्या बाजूला लावला. तिथं पुण्याच्या लोकांची सुट्टीची घरं बांधली जातात, तिकडच्या फरशा आणि झोपाळे वाहायला लागले. मी निवृत्तीकडे डोळे लावून बसले.

पुढच्या महिन्याचे गुण आले, तेव्हा साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्यासमोर पुण्याहून आलेलं एक जाड, चकचकीत प्रमाणपत्र होतं. सोनेरी कडा, पाचही जणांची बोधचिन्हं. साहेब माझ्याकडं न बघता म्हणाले, "हे तुम्हीच कळवा. मला जमणार नाही."

मी बाहेर येऊन अण्णांना फोन लावला. मागं गाडीत काहीतरी खडखडत होतं.

"अण्णा, तुमची लाईन सगळ्यांत पहिली आलीय. उशीर शून्य, थांबा शून्य, खराब दूध शून्य. तुमच्या नावाचं प्रमाणपत्र आलंय."

अण्णांनी गाडी बाजूला घेतली असावी, कारण खडखड थांबली.

"कुटली लाईन, मॅडम?"

"वरची."

"पर तिकडं तर आता कोनच जात न्हाई."

"हो," मी म्हणाले. "म्हणूनच."